संबळ, माइक आणि मर्यादा

तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ हा मराठी लोककलांमधील असा प्रकार आहे की ज्यात अगदी हलके आणि अगदी प्रखर असे दोन्ही आवाज थोड्या अवधीत एकापाठोपाठ येतात. कंबरेला बांधलेल्या संबळावर काठीचा आघात झाला की त्याचा कडकडाट चौकाच्या टोकापर्यंत पोहोचतो; त्याच्या शेजारीच तुणतुण्याची एकुलती तार बारीक स्वरात अखंड वाजत असते, झांज तीक्ष्ण नादाने ताल धरते, आणि मुख्य गोंधळी कथानिरूपण करताना साध्या बोलण्याच्या पातळीवर उतरतो, तर देवीला आवाहन करताना तार सप्तकात जातो. समोर बसलेल्या श्रोत्याला हा मेळ सहज वाटतो. परंतु तोच माइकमधून ध्वनिवर्धकाकडे, ध्वनिमुद्रणाकडे किंवा आकाशवाणीच्या प्रक्षेपकाकडे पाठवायचा झाला की अडचण उभी राहते, कारण आवाजाचे चढउतार पेलण्याची यंत्रांची ताकद मानवी कानापेक्षा तोकडी असते. ही तफावत सांभाळण्यासाठी जी दोन उपकरणे जगभर वापरली जातात, त्यांना कॉम्प्रेसर आणि लिमिटर असे म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातील मंडपवाल्याच्या मिक्सरपासून मोठ्या शहरातील स्टुडिओपर्यंत ती कोणत्या ना कोणत्या रूपात हजर असतात, तरीही सामान्य श्रोत्याला त्यांची ओळख सहसा नसते.

चढउतारांचा आवाका

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीचा दाब सुमारे 20 मायक्रोपास्कल असतो आणि त्याला शून्य डेसिबल मानले जाते. हे मोजमाप बेरजेच्या नव्हे, तर गुणाकाराच्या पायऱ्यांनी चढते: पातळी 10 डेसिबलने वाढली म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली, आणि 20 डेसिबलने वाढली म्हणजे ध्वनीचा दाब दहापट झाला असा त्याचा अर्थ होतो. कानाला मात्र 10 डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी भासते. एक मीटर अंतरावरून होणारे नेहमीचे संभाषण 60 डेसिबलच्या आसपास असते आणि कानाला वेदना होऊ लागणारी पातळी 120 डेसिबलच्या पुढे असते. म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत प्रखर सुसह्य ध्वनीच्या दाबात दहा लाख पटींचा फरक आहे, आणि कान तो पेलतो.

एखाद्या ध्वनीतील सर्वांत हलक्या व सर्वांत प्रखर पातळ्यांमधील अंतराला डायनॅमिक रेंज म्हणतात. प्रत्येक माध्यमाला अशी स्वतःची मर्यादा असते. 16 बिटांच्या सीडीवर सुमारे 96 डेसिबलचा आवाका मावतो. एकेकाळी घरोघरी असलेल्या कॅसेटवर, खरखर कमी करणारी योजना नसेल तर, तो 50 ते 60 डेसिबलच्या घरात राहत असे. या आवाक्याच्या तळाशी माध्यमाची खरखर असते आणि त्याच्या माथ्यावर आवाज फाटण्याची सीमा असते. पातळी खाली ठेवली तर तुणतुणे खरखरीत बुडते, वर ठेवली तर संबळाचा आघात फाटतो, अशा कोंडीत ध्वनिमुद्रण करणारा सापडतो. त्यात ऐकण्याच्या जागेचीही भर पडते. एसटीच्या खिडकीशी बसून मोबाइलवर गोंधळ ऐकणाऱ्यासाठी आवाक्याचा तळ म्हणजे गाडीच्या इंजिनाची घरघर, आणि तिच्याखालचे सर्व काही त्याच्यापुरते नाहीसे झालेले असते.

हाताकडून यंत्राकडे

यंत्रे येण्यापूर्वी चढउतारांचे नियमन कलावंत स्वतः करीत असत. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा माइकच नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि त्या आवाजाच्या दाबानेच सुई मेणाच्या तबकडीत खाच कोरत असे. तान चढली की मागे सरकणे आणि हलकी जागा आली की पुढे येणे हे त्या काळच्या गायकांना अवगत करावे लागले. 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले आणि पातळी सांभाळण्याचे काम नियंत्रण-टेबलावर बसलेल्या तंत्रज्ञाच्या हाती आले. तो संहिता किंवा बंदिश आधी समजून घेई आणि चढती जागा येण्यापूर्वीच बटण किंचित खाली घेई. ही कला आजही मोलाची आहे, परंतु काही हजारांश सेकंदांत येऊन जाणाऱ्या आघाताला मानवी हात गाठू शकत नाही.

ही उणीव सर्वांत आधी रेडिओला जाणवली. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे वाहक लहरीची उंची कमीजास्त केली जाते. ध्वनी अवाजवी मोठा झाला तर ही लहर क्षणभर तुटते, श्रोत्याला आवाज फाटलेला ऐकू येतो आणि शेजारच्या केंद्राच्या प्रसारणातही व्यत्यय येतो. त्यामुळे तंत्रज्ञ पातळी धास्तीनेच खाली ठेवीत आणि प्रक्षेपकाची बरीच शक्ती वाया जाई. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने 1937 मध्ये 110-ए हे लिमिटर असलेले ध्वनिवर्धक बाजारात आणले आणि रेडिओ केंद्रांना सरासरी पातळी निर्धास्तपणे वर नेता येऊ लागली. त्या काळी आजचा धाराशिव जिल्हा उस्मानाबाद या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबईत नियमित नभोवाणी सुरू होऊन, म्हणजे 23 जुलै 1927 पासून, दहा वर्षे झाली होती.

आज धाराशिवला आकाशवाणीचे स्थानिक एफएम केंद्र आहे. एफएममध्ये लहरीची उंची स्थिर राहते आणि तिची वारंवारिता ध्वनीप्रमाणे पुढेमागे सरकते; हे सरकणे दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झपलीकडे जाऊ नये असा दंडक आहे. त्यातही एक खुबी आहे. खरखर कमी व्हावी म्हणून एफएममध्ये उंच स्वर प्रक्षेपणापूर्वी मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओसंचात ते पुन्हा तितकेच उतरवले जातात. परिणामी, कानाला संबळापेक्षा झांज हलकी वाटत असली तरी प्रक्षेपकाच्या दृष्टीने झांजच आधी सीमा ओलांडण्याचा संभव असतो. म्हणून एफएमसाठीच्या लिमिटरला केवळ आवाज किती मोठा आहे हे कळून भागत नाही. तो उंच स्वराचा आहे की खर्जाचा, हेही पाहावे लागते. 1975 मध्ये रॉबर्ट ऑर्बन यांनी आणलेल्या ऑप्टिमॉड या यंत्राने ही सारी कामे एकत्र जोडली आणि पुढे ते नाव जगभरातील एफएम केंद्रांच्या परिचयाचे झाले.

कॉम्प्रेसर काय करतो

कॉम्प्रेसरमध्ये येणारा ध्वनिसंकेत दोन वाटांनी जातो. एक वाट आवाज पुढे नेते. दुसरी वाट त्याची पातळी सतत मोजते आणि पहिल्या वाटेवरील वर्धन किती कमी करायचे ते ठरवते. या ठरवण्याचे चार मुख्य नियम असतात आणि बहुतेक उपकरणांवर त्यांची बटणे असतात.

पहिला नियम थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठ्याची पातळी. आवाज तिच्याखाली असेपर्यंत कॉम्प्रेसर त्याला हात लावत नाही. दुसरा नियम रेशो, म्हणजे उंबरठा ओलांडणाऱ्या भागाला किती दाबायचे याचे गुणोत्तर. डिजिटल यंत्रात सर्वोच्च पातळीला शून्य धरून तिच्याखालच्या पातळ्या उणे आकड्यांत सांगतात. उंबरठा उणे 20 डेसिबलवर आहे, रेशो 4:1 आहे आणि संबळाचा आघात उणे 8 डेसिबलपर्यंत चढला असे मानले, तर तो उंबरठ्याच्या 12 डेसिबल वर गेलेला आहे. कॉम्प्रेसर या बाराचे तीन करतो आणि आघात उणे 17 डेसिबलवर बाहेर पडतो. आघात नसताना उणे 40 वर असलेले तुणतुणे जसेच्या तसे राहते. दोहोंतील अंतर 32 डेसिबल होते, ते 23 वर येते. यानंतर मेकअप गेन नावाच्या बटणाने संपूर्ण आवाज, समजा, 6 डेसिबलने वर उचलला, तर तुणतुणे उणे 34 वर येऊन स्पष्ट ऐकू येते आणि आघात मात्र उणे 11 वर, म्हणजे मूळच्या पातळीखालीच राहतो. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो एवढेच सामान्यतः सांगितले जाते; त्याचा खरा उपयोग हलका आवाज वर आणता येण्यात असतो, हे या हिशोबातून दिसते.

तिसरा आणि चौथा नियम काळाचे आहेत. उंबरठा ओलांडला गेल्यावर आवाज दाबला जाण्यास लागणाऱ्या अवधीला अ‍ॅटॅक म्हणतात आणि आवाज पुन्हा खाली आल्यावर वर्धन पूर्ववत होण्यास लागणाऱ्या अवधीला रिलीज म्हणतात. संबळासारख्या वाद्यात या दोहोंचा परिणाम लगेच ध्यानात येतो. अ‍ॅटॅक 30 मिलिसेकंदांचा ठेवला, तर काठी चामड्यावर पडल्याचा पहिला कडाका तसाच निसटून जातो आणि त्यामागून येणारी घुमारी तेवढी दाबली जाते, त्यामुळे वाद्य अधिक ठसठशीत वाटते. तोच 1 मिलिसेकंदाचा केला, तर कडाकाच तासला जातो आणि संबळ दुरून वाजत असल्यासारखा ऐकू येतो. द्रुत लयीत सेकंदाला आठ आघात पडत असतील, तर दोन आघातांमध्ये 125 मिलिसेकंदांचे अंतर राहते. रिलीज याहून बराच दीर्घ असेल, तर वर्धनाला सावरायला उसंतच मिळत नाही आणि गायकाचा आवाजही वाद्याबरोबर दबून राहतो. याउलट रिलीज फार कमी ठेवला, तर खर्जाच्या स्वरात बिघाड होतो: 50 हर्ट्झच्या एका लहरीला 20 मिलिसेकंद लागतात, आणि त्याहून चपळ झालेला कॉम्प्रेसर एकाच लहरीच्या आत वरखाली होऊन तिचा आकार बिघडवतो.

याखेरीज नी हा एक सूक्ष्म नियम आहे. उंबरठ्यावर पोहोचताच दाब एकदम सुरू व्हावा की त्याच्या अलीकडूनच हळूहळू वाढत जावा, हे तो ठरवतो. गायनासाठी दुसरा प्रकार पसंत केला जातो, कारण त्यात यंत्राचा हात जाणवत नाही.

लिमिटर आणि त्याचे काम

लिमिटर हा तत्त्वतः कॉम्प्रेसरच आहे. मात्र त्याचा रेशो 10:1 किंवा त्याहून अधिक, बहुधा अनंत मानला जाईल इतका मोठा असतो आणि त्याचा अ‍ॅटॅक अतिशय चपळ असतो. कॉम्प्रेसर उंबरठ्यापलीकडच्या आवाजाला वाढू देतो, पण हळू. लिमिटर त्याला वाढूच देत नाही. तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आहे. नदीला कितीही पूर आला तरी पाणी ठराविक उंचीवर पोहोचताच नर आणि मादी या दोन धबधब्यांच्या वाटेने खाली कोसळते आणि बंधारा शाबूत राहतो. लिमिटरचे प्रयोजन असेच आहे: प्रवाह कितीही वाढो, पुढच्या यंत्रणेवर ठराविक पातळीहून अधिक भार येता कामा नये.

येथे लिमिटिंग आणि क्लिपिंग यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. क्षमतेहून अधिक संकेत दिला गेलेला ध्वनिवर्धक लहरीचे शेंडे सपाट कापून टाकतो. या प्रकाराला क्लिपिंग म्हणतात आणि श्रोते त्यालाच आवाज फाटणे म्हणतात. लिमिटर शेंडा न कापता संपूर्ण लहरीची उंची क्षणभर कमी करतो, त्यामुळे तिचा आकार पुष्कळसा टिकतो. डिजिटल लिमिटर यासाठी एक युक्ती वापरतात: ते आवाज काही मिलिसेकंद रोखून धरतात, पुढे काय येणार आहे ते आधीच पाहतात आणि आघात पोहोचण्यापूर्वी वर्धन उतरवून ठेवतात. रोखण्याचा हा अवधी 5 मिलिसेकंद असला, तर श्रोता कर्ण्यापासून सुमारे 1.7 मीटर मागे सरकल्याइतकाच उशीर होतो, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

वर्धन नेमके कशाने कमी करायचे, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. प्रारंभी निर्वात नळ्या वापरल्या जात. 1960 च्या दशकात जिम लॉरेन्स यांच्या एलए-2ए या यंत्रात ध्वनिसंकेताने एक लहानसा प्रकाशपट उजळत असे आणि त्याच्या उजेडाने समोरच्या घटकाचा विद्युतरोध बदलत असे. प्रकाश व रोध यांच्या स्वाभाविक मंदपणामुळे त्याचा दाब गायकीला अतिशय मानवला. 1967 मध्ये बिल पटनम यांनी 1176 हे ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र आणले, ज्याचा अ‍ॅटॅक सेकंदाच्या 20 दशलक्षांश भागाइतका चपळ होता. पुढे डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने विद्युतदाबावर नियंत्रित होणारे नेमके वर्धक प्रचारात आणले. आता हीच कामे गणिताने होतात, आणि एकेकाळी कपाटाएवढी जागा व्यापणारी यंत्रणा साध्या डिजिटल मिक्सरमध्ये प्रत्येक माइकला स्वतंत्रपणे मिळते.

कीर्तनाचा मंडप

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांच्या समाधीचे गाव असल्याने तेथे आणि परिसरातील गावांत कीर्तनाची परंपरा जिवंत आहे. कीर्तन हा कॉम्प्रेसरच्या उपयोगाचा आदर्श नमुना म्हणावा लागेल. कीर्तनकार अभंगाचे निरूपण करताना जवळजवळ कुजबुजतो, दृष्टान्ताच्या शेवटी आवाज चढवतो, आणि जयघोषात टाळ, मृदंग व टाळकऱ्यांचे सूर एकाच वेळी उसळतात. उघड्या मंडपात मागे बसलेल्या वृद्ध श्रोत्याला कुजबूज ऐकू यावी आणि कर्ण्याजवळच्या मुलाचे कान दुखू नयेत, या दोन्ही गोष्टी साधायच्या असतील, तर निवेदनाच्या माइकवर 3:1 च्या आसपासचा सौम्य कॉम्प्रेसर आणि सर्व माइक एकत्र झाल्यावर शेवटी एक लिमिटर ही मांडणी उपयुक्त ठरते.

तिची मर्यादाही आहे. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये परत शिरला की यंत्रणा शिट्टी मारते. मेकअप गेन जितका वाढवावा, तितके हलक्या जागेतील वर्धन वाढते आणि शिट्टीचा धोकाही वाढतो. 6 डेसिबलचा मेकअप गेन म्हणजे वक्ता गप्प असताना माइकची पकड दाबाच्या हिशोबात दुप्पट झालेली असते. म्हणून माइक तोंडाजवळ ठेवणे आणि कर्णे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून लावणे या जुन्या दक्षता कोणत्याही कॉम्प्रेसरने कालबाह्य ठरत नाहीत.

हेच तत्त्व इतर रूपांतही आढळते. केवळ स, श यांसारख्या शीळयुक्त वर्णांच्या पट्ट्यातील आवाज मोजून तेवढाच दाबणाऱ्या योजनेला डी-एसर म्हणतात. रेडिओवर निवेदक बोलू लागताच मागचे गाणे आपोआप हलके होते, तेव्हा निवेदकाचा आवाज मोजून गाण्याचे वर्धन उतरवले जात असते. श्रवणयंत्रांतही कॉम्प्रेसर असतो, कारण वय वाढलेल्या कानाला हलके आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच त्रासदायक वाटतात. केवळ सर्व काही मोठे करणारे यंत्र अशा व्यक्तीच्या उपयोगाचे नसते.

अतिरेकाचे दोष

कॉम्प्रेसरचा वापर प्रमाणाबाहेर झाला की त्याचे दोष उघडे पडतात. प्रत्येक ठोक्यासरशी मागचा सारा आवाज दबतो आणि पुन्हा फुगतो, याला पंपिंग म्हणतात. दोन वाक्यांमधील शांततेत पंख्याची घरघर हळूहळू वर येते, तेही वर्धन पूर्ववत होत असल्याचेच चिन्ह असते. सर्वांत गंभीर दोष मात्र कलेच्या अंगाने जाणवतो: हलके आणि मोठे यांतील अंतरच उरले नाही, तर गोंधळातील आवाहनाला किंवा कीर्तनातील विरामाला काही अर्थ राहत नाही.

तरीही जगभरच्या संगीतव्यवसायाने काही काळ हीच वाट धरली. दोन गाणी एकापाठोपाठ वाजवली, तर किंचित मोठे वाजणारे गाणे श्रोत्याला अधिक चांगले वाटते. त्यामुळे 1990 च्या दशकात पुढे पाहणारे डिजिटल लिमिटर हाती आल्यावर प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी चढत गेली. यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये शेंड्यांऐवजी कानाला जाणवणारी सरासरी तीव्रता मोजण्याची पद्धत प्रमाणित केली आणि युरोपीय प्रसारण संघाने 2010 मध्ये तिच्या आधारे प्रसारणासाठी उणे 23 ही पातळी ठरवली. आता गाणी ऐकवणारे मोठे मंचही सर्व गाणी एका समान पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे अतिरेकी दाबलेल्या गाण्याला पूर्वीचा लाभ मिळत नाही.

मिरवणूक, डीजे आणि कायदा

लिमिटरचा प्रश्न महाराष्ट्रात आज सर्वाधिक निकडीने उभा राहतो तो उत्सवांच्या आणि लग्नांच्या मिरवणुकांत. डीजेच्या भिंतीत लिमिटर बहुधा असतोच, पण तो श्रोत्याच्या कानासाठी नव्हे, तर कर्ण्यांच्या रक्षणासाठी. कर्ण्याला दिलेल्या विजेचा फार थोडा अंश ध्वनीत बदलतो आणि बाकीची उष्णता होऊन कॉइलमध्ये साठते. क्लिपिंग झालेली लहर पूर्ण चौकोनी झाली, तर त्याच उंचीच्या स्वच्छ लहरीपेक्षा दुप्पट शक्ती कॉइलवर पडते. कॉइल जळण्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून चांगल्या यंत्रणेत दोन लिमिटर असतात: एक क्षणिक शेंडे अडवून पडद्याची हालचाल आवाक्यात ठेवतो आणि दुसरा सरासरी शक्ती मोजून कॉइलचे तापमान सांभाळतो. परंतु शेंडे अडवले म्हणून आवाज कमी होतोच असे नाही. शेंडे दाबल्यामुळे मोकळी झालेली जागा सरासरी पातळी वाढवून भरून काढता येते, आणि त्याच सामग्रीतून पूर्वीपेक्षा अधिक कर्कश आवाज निघतो.

कायद्याची मोजणी यंत्राच्या आत नव्हे, तर परिसरात होते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही सरासरी मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे 50 आणि 40 आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावला असेल, तर त्या जागेच्या हद्दीवरील आवाज क्षेत्राच्या मर्यादेहून 10 डेसिबल अधिक किंवा 75 डेसिबल, यांपैकी जी पातळी कमी असेल तिच्यापलीकडे जाता कामा नये. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून कमाल 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. 23 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांविषयीच्या एका निकालात, आवाजाची पातळी आपोआप मर्यादेत ठेवणारी अंगभूत यंत्रणा बसविण्याचे निर्देश देण्याचा विचार राज्य सरकारने करावा असे सुचवले. ही सूचना तांत्रिक भाषेत मांडायची, तर ती लिमिटर सक्तीचा करण्याची सूचना आहे. पश्चिम बंगालमध्ये उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना साउंड लिमिटर जोडण्याची सक्ती यापूर्वीच झालेली आहे.

या उपायाची ताकद जितकी स्पष्ट आहे, तितक्याच त्याच्या मर्यादाही. लिमिटर विजेच्या संकेताची पातळी बांधून ठेवतो. हद्दीवर किती आवाज पोहोचेल हे कर्ण्यांची संख्या, त्यांची दिशा, अंतर आणि आजूबाजूच्या भिंती यांवर ठरते. मोकळ्या मैदानात एका कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते, अरुंद गल्लीत मात्र भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे इतकी घट होत नाही. त्यामुळे मैदानासाठी जुळवलेला लिमिटर गल्लीत निरुपयोगी ठरतो. दुसरी अडचण खर्जाची आहे. नियमांतील डेसिबल कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे भार देऊन मोजले जातात आणि त्या पद्धतीत 50 हर्ट्झच्या स्वराचा हिशोब सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. छातीत धडधडणारा आणि खिडक्यांची तावदाने हलवणारा बेस म्हणूनच मोजमापात पुष्कळदा सौम्य दिसतो. तिसरी अडचण मानवी आहे: ज्याच्या हातात बटण आहे त्याला लिमिटर बंद करता येत असेल, तर गर्दीचा आग्रह वाढताच तो बंद केला जाण्याची शक्यता असते.

निसर्गाने कानातही एक लिमिटर ठेवला आहे. मोठा आवाज झाला की मध्यकर्णातील सूक्ष्म स्नायू आकसतो आणि अस्थींची साखळी ताठ करून आत जाणारा ध्वनी काहीसा कमी करतो. पण त्याला जागे होण्यास सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागू शकतो, त्यामुळे फटाक्याचा स्फोट त्याच्या आधीच आत शिरतो. शिवाय हा स्नायू खर्जाच्या स्वरांवरच अधिक प्रभावी असतो आणि आवाज दीर्घकाळ चालू राहिला की शिथिल होतो. आंतरकर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या कार्यक्रमस्थळांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीत 100 डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली, तीही पातळीवर सतत देखरेख आणि विश्रांतीसाठी शांत जागा यांची जोड देऊनच.

तेव्हा लिमिटर सक्तीचा करावा, परंतु तो केवळ बसवला म्हणून समाधान मानू नये, हाच निष्कर्ष निघतो. लिमिटर प्रत्येक जागेसाठी हद्दीवर मापक ठेवून जुळवला पाहिजे, जुळवल्यावर तो मोहोरबंद झाला पाहिजे, आणि त्याने शेंड्यांबरोबरच काही मिनिटांची सरासरीही मोजली पाहिजे. देवस्थाने, उत्सव मंडळे आणि लग्नघरे यांनी ध्वनियंत्रणा ठरवताना किती वॅटची भिंत मिळेल हे विचारण्याआधी लिमिटर कोणत्या पातळीवर बांधलेला आहे हे विचारावे, आणि त्याचे उत्तर लेखी करारात नोंदवून घ्यावे. ध्वनियंत्रणेच्या खर्चात यामुळे फारशी भर पडत नाही, कारण बहुतेक आधुनिक मिक्सरमध्ये हे उपकरण आधीपासूनच असते. ते चालू ठेवण्याचा निर्णय तेवढा माणसांना घ्यायचा आहे.